गॅरेजचं एस्टिमेट : बेरीज नको, ओळी वाचूया

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, गाडीचं बिल बघणं हे काय आपलं काम? आम्हीही तसंच म्हणायचो. गटाची व्हॅन घेतली, हप्ते आमच्या सह्यांनी सुरू झाले, पण गॅरेजमध्ये जायची वेळ आली की कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी दीर पुढं. बिल यायचं, ते म्हणायचे, "बरोबर आहे, एवढं लागतंच." आम्ही पैसे मोजायचो. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र अशी वेळ आली की बिल आम्हालाच वाचावं लागलं. ते कसं वाचलं, ते आज सांगतो.

आमच्या गटाचं काम मसाले, पापड आणि हळदीचं. वाईहून पाचगणी-महाबळेश्वरच्या दुकानांत माल जातो, आठवड्यातून दोनदा. म्हणजे पसरणीचा घाट आला. गाडी छोटी, माल भरलेला. एके दिवशी घाटात गाडी नुसती ओरडायला लागली. इंजिनाचा आवाज चढतोय, पण वेग वाढत नाही, आणि जळका वास. गाडी चालवणारी आमचीच एक ताई. तिनं ती कशीबशी वर नेली आणि परत येताना रिकामी आणली.

दुसऱ्या दिवशी हायवेकडच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी लावली. संध्याकाळी एस्टिमेट आलं. काम नि सामान मिळून ३१,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी ५,५८०. एकूण ३६,५८०.

गटाच्या खात्यात त्या दिवशी त्याच्याहून थोडेच जास्त होते. त्यातून पुढच्या आठवड्यात मिरची घ्यायची होती, हप्ता जायचा होता. रात्री बैठक बसली. एक म्हणाली, लुटतोय. दुसरी म्हणाली, लुटत नसेल, गाडीचं कामच महाग. तिसरीच्या ओळखीचा एक मिस्त्री रस्त्याकडेला बसतो, तो साडेसात हजारांत करून देतो म्हणाला होता. अकरा वाजेपर्यंत आम्ही भांडलो आणि लक्षात आलं की आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही, छत्तीस हजार म्हणजे महाग की स्वस्त. कशाचे छत्तीस हजार, तेच कळत नव्हतं.

इथंच बहुतेकींची चूक होते. आपण खालची बेरीज बघतो आणि ती जास्त वाटते का कमी, यावर भांडतो. भाजीवाल्याकडं असं करतो का आपण? तिथं एकेक वस्तूचा भाव विचारतो, वजन बघतो, मग बेरीज. गॅरेजच्या कागदावरही तेच करायचं. हे काम का करायचं, सामान कुठलं नि किती किमतीचं, मजुरी कशाची आणि कर कशावर, एवढंच विचारायचं. यासाठी पान्हा हातात धरता यायला लागत नाही.

आमच्या कागदावर काय होतं ते आधी ऐका. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचा सेट ६,२००. नवीन फ्लायव्हील ५,८००. इंजिनाच्या मागचं ऑइल सील ४५०. गिअर ऑइल ९००. पुढच्या ब्रेकचे पॅड १,९००. पुढच्या दोन डिस्क ४,४००. मग मजुरी : क्लचची ३,०००, फ्लायव्हीलची १,८००, ऑइल सीलची २,२००, ब्रेकची ८००. पुढं थ्रॉटल, इंजेक्टर आणि इंजिन फ्लश मिळून २,९००. शेवटी 'कन्झ्युमेबल्स' ६५०.

पहिल्यांदा 'का'कडं वळू. गाडी चढ घेत नाही, एवढं आम्ही सांगितलं होतं. क्लच घसरतोय हे आमच्या ताईलाही कळलं होतं. पण क्लच घसरतो म्हणजे प्लेट संपलीच असं नाही. ज्या गाड्यांत क्लच केबलवर चालतो, तिथं पेडलला वर थोडी मोकळी चाल असावी लागते. केबल फार ताणून बसवली की ती चाल राहत नाही, आणि पाय न ठेवताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. मग चांगली प्लेटसुद्धा घसरते. ते दुरुस्त करायला एक नट फिरवावा लागतो, पाच-दहा मिनिटांचं काम. म्हणून पहिला प्रश्न हा : "दादा, केबलची ॲडजस्टमेंट बघितली का?" आम्ही तो फोनवर विचारला. पलीकडं क्षणभर शांतता, मग उत्तर आलं, "बघितली ताई. चाल बरोबर आहे. प्लेटच गेलीय."

आम्ही सकाळी जाऊन समोर करून दाखवायला सांगितलं. सपाट मोकळ्या जागेत गाडी उभी केली, पुढं-मागं कुणी नाही याची खात्री केली. हँडब्रेक घट्ट ओढून, तिसरा गिअर टाकून मेकॅनिकनं क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असेल तर अशा वेळी इंजिन बंद पडतं, कारण चाकं अडवलेली असतात. आमचं इंजिन आरामात चालूच राहिलं. म्हणजे क्लच खरंच गेला होता. वर्कशॉपवाला त्या बाबतीत खोटं बोलत नव्हता, आणि हे आम्ही बैठकीत आवर्जून सांगितलं. ही चाचणी घरी सारखी करत बसू नका, उरलेली प्लेटही जाईल.

आता तो साडेसात हजारवाला. त्याच्या हिशेबात फक्त क्लच प्लेट होती, तीही लोकल, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग जुनंच. ऐकायला बरं वाटतं. पण क्लच बदलायचा तर अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. खरी मेहनत तिथं आहे. सहा महिन्यांनी जुनं बेअरिंग ओरडायला लागलं तर तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा, तीच मजुरी पुन्हा. म्हणून बरेच चांगले मिस्त्री तिन्ही वस्तू एकदम बदलतात, आणि वर्कशॉपवाल्यानं पूर्ण सेट लिहिला होता तो आम्हाला योग्य वाटला. स्वस्त एस्टिमेट रास्तच असतं असं नाही. कधी ते अर्ध्या कामाचं असतं. दोन एस्टिमेटची तुलना करायची तर काम एकसारखं हवं, सामान एकसारखं हवं. नाहीतर साडी आणि ब्लाउजपीसचा भाव लावल्यासारखं होतं.

मजुरीच्या ओळींवर मात्र आमच्यातली शिवणकाम करणारी वहिनी अडली. ती गाडीतलं काही जाणत नाही. तिनं एवढंच विचारलं, "हे ऑइल सील कुठं असतं?" आम्ही मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, इंजिनाच्या मागच्या बाजूला, फ्लायव्हीलच्या आत. "आणि फ्लायव्हील?" गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या मध्ये, क्लच त्यावरच बसतो. वहिनी म्हणाली, "मग गिअरबॉक्स उतरवल्यावर हे तिन्ही समोरच आलं की. ब्लाउज ढिला करायचा नि अस्तरही बदलायचं तर मी शिवण एकदाच उसवते. दोनदा उसवल्याचे पैसे कसे घेऊ?"

क्लचच्या ३,००० रुपयांत गिअरबॉक्स उतरवून परत चढवणं आलंच. फ्लायव्हीलचे १,८०० आणि सीलचे २,२०० हे ती कामं वेगवेगळ्या दिवशी केली असती तर लागले असते. एकत्र करताना फक्त वरचे चार बोल्ट आणि सील बसवायची मेहनत जास्त. मोठ्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक कामाचे तास ठरलेले असतात, संगणक त्या यादीतून प्रत्येक ओळ उचलतो आणि खाली बेरीज मारतो. दरवेळी त्यामागं लबाडी असतेच असं नाही. पण आपण विचारलं नाही तर ती ओळ तशीच राहते. तुमच्या गाडीच्या एस्टिमेटमध्ये मजुरीच्या दोन-तीन ओळी असतील तर एवढं नक्की विचारा : यातलं एक काम करताना दुसरं आपोआप उघडं पडतं का?

उलट बाजूही सांगायला हवी. कधीकधी पार्ट स्वस्त आणि मजुरी भरमसाठ दिसते, आणि ती खरी असते. आमच्या एका सभासदाच्या भावाच्या गाडीचा एसी गार होत नव्हता. आतली कूलिंग कॉइल गळत होती. कॉइलपेक्षा मजुरी जास्त लावली म्हणून तो गॅरेजवाल्याशी भांडून आला. पण बऱ्याच गाड्यांत ती कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असते. स्टिअरिंगपासून अख्खा डॅशबोर्ड सोडवायचा, वायरी सांभाळायच्या, परत सगळं जागच्या जागी बसवायचं, वर एसीचा गॅस भरायचा. दिवस जातो. त्याला आम्ही म्हटलं, मजुरी द्या, फक्त जुनी कॉइल कुठं गळतेय ते आधी दाखवायला सांगा. तसंच ऑइल सीलचं. चारशे-पाचशे रुपयांची रबराची कडी, पण एकटीच बदलायची असेल तर हजारोंची मजुरी. वस्तूची किंमत आणि तिच्यापर्यंत पोचायची किंमत वेगळी असते.

आता सामान. क्लच गेला हे मान्य, पण फ्लायव्हील नवीन का? आम्हाला उत्तर मिळालं, "क्लच घसरला की फ्लायव्हील पण जातं." कधी जातं, हे खरं आहे. फार तापलं तर त्याच्या तोंडावर निळसर डाग येतात, बारीक तडे जातात. पण गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय फ्लायव्हीलचं तोंड कुणालाच दिसत नाही. मग न बघता ते एस्टिमेटमध्ये आलं कसं? आम्ही म्हटलं, "दादा, गिअरबॉक्स उतरला की आम्हाला फोन करा, आम्ही येऊन बघतो, मग ठरवू." हे वाक्य पाठ करून ठेवा. 'उघडल्यावर बघू' हे खरं उत्तर आहे आणि चांगला मेकॅनिक ते मोकळेपणी देतो. न उघडता सगळं बदलायचं म्हणणारा सावध असेल किंवा लोभी. ते ठरवायची आपल्याला गरज नाही, फक्त बघायला जायचं.

ब्रेकच्या डिस्कचं तर आणखी सोपं आहे. पॅडची जाडी डोळ्यांना दिसते. नवीन पॅडवर साधारण बोटाच्या जाडीएवढं अस्तर असतं. ते दोन-तीन मिलिमीटरवर आलं की बदलायचं. आमचे आलेच होते. पण डिस्क किती झिजली तर बदलायची, याचा आकडा बऱ्याच डिस्कवर कडेला किंवा मधल्या भागावर कोरलेला असतो. तो कमीत कमी जाडीचा आकडा. व्हर्निअर लावायचा आणि बघायचं. मेकॅनिकनं आमच्यासमोर लावला. डिस्कवर चर होते, पण जाडी कोरलेल्या आकड्याच्या बरीच वर होती. तोच म्हणाला, "चालतील अजून." म्हणजे ४,४०० रुपये एका मिनिटात गेले. ब्रेकच्या बाबतीत मात्र एक सांभाळा. पैसे वाचवायला संपलेले पॅड रेटू नका. घाटात ब्रेक नसले तर बाकी सगळे हिशेब व्यर्थ आहेत.

सामान कुठल्या कंपनीचं, हाही प्रश्न आहेच. बाजारात तीन प्रकार मिळतात. एक, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातलं. दुसरं, तोच किंवा तसाच पार्ट बनवणाऱ्या नावाजलेल्या कारखानदाराच्या स्वतःच्या खोक्यातलं, हे बहुतेक वेळा थोडं स्वस्त पडतं. कारण गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही, क्लच एकाकडून घेते, दिवे दुसऱ्याकडून, बॅटरी तिसऱ्याकडून. आणि तिसरं लोकल, त्यात हुबेहूब नकली खोकीही आली. एस्टिमेटवर नुसतं 'क्लच सेट' लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. पार्ट नंबर आणि कंपनी लिहून घ्या. अस्सल मालाचा भाव लावून लोकल माल बसवला तर तुम्हाला नंतर कळणार कसं? आम्ही पार्ट नंबर घेतले आणि आमच्यातली एक जण साताऱ्याला मालासाठी जाणारच होती, तिनं दोन स्पेअरच्या दुकानांत विचारलं.

आणि तिथं करांचा घोळ सापडला. दुकानात क्लच सेटच्या खोक्यावर छापील किंमत ६,२०० होती. खोक्यावरच्या किमतीत सगळे कर धरलेले असतात, तसं तिथं छापलेलंच असतं. आपण बिस्किटाचा पुडा घेतो तेव्हा छापील किमतीवर दुकानदार वेगळा कर लावतो का? नाही. आमच्या एस्टिमेटमध्ये सामानाची छापील किंमत लिहून, सगळी बेरीज करून, त्यावर पुन्हा १८ टक्के लावले होते. कर दोनदा. पक्क्या बिलात कराआधीची किंमत आणि कर वेगळे दाखवतात, ते बरोबरच आहे. पण त्या दोन्हींची बेरीज खोक्यावरच्या आकड्याच्या वर जाता कामा नये. आमच्या १९,६५० रुपयांच्या सामानावर असे ३,५३७ रुपये जास्तीचे लागले होते. विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सिस्टीमनं घेतलंय." असेल. आम्ही सिस्टीमकडून काढून घेतलं.

कराचं आणखी थोडं, कारण फसगत इथंच जास्त होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच पार्टवर २८ टक्के होता. म्हणून कुणी आजही २८ टक्के लिहिले तर थांबवा, आणि जुन्या छापील किमतीचं खोकं निघालं तर नवी किंमत विचारा. दुरुस्तीच्या मजुरीवरही १८ टक्केच. आणि ज्याच्याकडं जीएसटी नंबर नाही, त्याला तुमच्याकडून जीएसटी घेता येत नाही. काही छोटे गॅरेजवाले कंपोझिशन योजनेत असतात, त्यांनाही ग्राहकाकडून वेगळा कर घ्यायची परवानगी नाही. नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे, चालू आहे का, हे कुणालाही बघता येतं. आमच्या अकरावीतल्या मुलींना हे दोन मिनिटांत जमतं.

थ्रॉटल, इंजेक्टर, इंजिन फ्लश. हे २,९०० कशाचे, असं विचारल्यावर उत्तर आलं, "गाडी स्मूथ चालेल." गाडी बंद पडत नव्हती, झटके देत नव्हती, पेट्रोल जास्त खात नव्हती. मग नको. या कामांची कधी गरज पडत नाही असं नाही, पण तक्रार एक आणि औषध दुसऱ्याच रोगाचं, असं नको. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका असते ना, जी आपण डिकीत टाकून विसरतो, तिच्यात कितव्या किलोमीटरला काय बदलायचं आणि इंजिनात ऑइल किती लिटर लागतं, सगळं लिहिलेलं असतं. ती काढून बघा. ऑइलच्या बिलात पुस्तिकेपेक्षा लिटरभर जास्त दिसलं तर विचारा. 'कन्झ्युमेबल्स' म्हणजे ग्रीस, क्लीनर, चिंध्या. काहीच देऊ नका असं आम्ही म्हणणार नाही, पण ६५० रुपयांच्या चिंध्या कुठल्या? त्यांनी ती ओळ स्वतःच खोडली.

यंत्र लावून काढलेल्या कोडबद्दलही एक सांगायचं आहे. हल्ली गाडीला स्कॅनर लावतात, त्यावर कोड येतो, आणि मेकॅनिक म्हणतो, "बघा, मशीननंच सांगितलं, सेन्सर गेलाय." मशीन एवढंच सांगतं की त्या भागातून येणारा आकडा बरोबर नाही. सेन्सर गेला असेल, त्याची वायर उंदरानं कुरतडली असेल, नाहीतर कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल. ताप आला म्हणजे टायफॉइडच, असं आपण म्हणत नाही. कोडनंतर काय तपासलं, हे विचारायचं.

बॅटरीचंही तसंच. गटातल्या एका मावशींच्या मुलीची गाडी सकाळी सुरू होईना. सांगितलं, बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही बदला. दुसऱ्या मिस्त्रीनं साधा मीटर लावला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या धड बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात आणि इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. तिचं इंजिन चालू असताना १४.१ आले. म्हणजे अल्टरनेटर नीट भरत होता. बॅटरी मात्र पाच वर्षांची, गेलेलीच. बॅटरीचे पैसे लागले, अल्टरनेटरचे वाचले. नवीन बॅटरी घेताना जुनी परत दिल्याचे पैसे वजा झाले का, तेही बघा.

दुसऱ्या मिस्त्रीकडं जाताना एक पथ्य पाळा. त्याला गाडीचं दुखणं सांगा, पहिल्यानं काढलेलं निदान सांगू नका आणि आकडा तर मुळीच नको. छत्तीस हजार सांगितले की तो तीस म्हणतो आणि आपण सहा वाचले म्हणून खूश होतो. आणि त्यानं अर्धा तास घालवून गाडी बघितली तर बघायचे पैसे द्या, काम त्याच्याकडं करायचं नसलं तरी. त्याच्याही दुकानाला भाडं आहे, दोन पोरं हाताखाली आहेत, त्यांचा पगार आहे. फुकटात तपासून घ्यायचं आणि काम स्वस्त जागी न्यायचं, हेही रास्त नव्हे.

वर्कशॉपमध्ये आम्ही तिघी गेलो तेव्हा पहिलं वाक्य हे होतं : "घरातल्या कुणाला पाठवा ना ताई, तुम्हाला समजावणं अवघड जाईल." आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकू म्हणाल्या, "आम्हीच घरातल्या. समजावा, आम्ही बसतो." आणि खरंच बसलो. आवाज चढवला नाही. आरोप केला नाही. एकेक ओळ विचारत गेलो. अर्ध्या तासानं तो मॅनेजर स्वतःच कागद घेऊन आमच्या शेजारी बसला. त्याच्या काही गोष्टी आम्ही मानल्या, आमच्या काही त्यानं मानल्या.

गिअरबॉक्स उतरल्यावर फोन आला. जाऊन बघितलं. फ्लायव्हीलला तडा नव्हता, तोंड थोडं खरबरीत झालं होतं. लेथवर साफ करून घेतलं, त्याचे ६०० रुपये. सील मात्र ओलं होतं, ते बदलणंच शहाणपणाचं. शेवटचं बिल असं झालं : क्लच सेट, सील, गिअर ऑइल आणि पॅड मिळून ९,४५० रुपये, कर धरून. मजुरी क्लचची ३,०००, सील नि फ्लायव्हील काढून बसवायचे ५००, ब्रेकचे ८००, लेथचे ६००, म्हणजे ४,९००. त्यावर १८ टक्के ८८२. एकूण १५,२३२.

तुमच्या गाडीला एवढंच लागेल असं मात्र धरू नका. गाडी वेगळी, गाव वेगळं, तर आकडा वेगळा. फ्लायव्हीलला तडा असता तर आमचंही बिल वाढलं असतं आणि आम्ही ते दिलं असतं.

काम सुरू करायच्या आधी आम्ही काही गोष्टी लिहून घेतल्या. एस्टिमेटवर सही-शिक्का. यापेक्षा जास्त काम निघालं तर फोन केल्याशिवाय करायचं नाही. जुने पार्ट परत द्यायचे, आणि नवीन पार्टची रिकामी खोकीही. कामाची हमी किती महिने, किती किलोमीटर, ते बिलावर. गाडी सोडताना मीटरवरचे किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा यांचा मोबाइलवर फोटो. हे सगळं बोलायला पाच मिनिटं लागतात. नंतर बोललं तर भांडण वाटतं, आधी बोललं तर व्यवहार.

गाडी वॉरंटीत असेल तर कुठल्याही बाहेरच्या गॅरेजमध्ये हात लावायच्या आधी वॉरंटीचं पुस्तक वाचा. पण फक्त कंपनीच्याच दारात जायचं, असा धाक कुणी घालत असेल तर हे माहीत असू द्या : ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कारण हेच, अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. प्रकरण पुढं अपिलात गेलं, तो वेगळा विषय आहे.

आणि एवढं करूनही फसवलं गेलं तर? न केलेल्या कामाचे पैसे घेतले, सांगितलेल्यापेक्षा वेगळा पार्ट बसवला, तर आधी लेखी तक्रार त्या वर्कशॉपलाच. मग १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. तिथंही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पोटापाण्यासाठी स्वतः काम करणारी बाई गाडी वापरत असेल तरी ती ग्राहकच. पण कागद हवेत. पक्कं बिल नाही, एस्टिमेट नाही, नुसतं 'दादा म्हणाला होता', तर आयोगापुढं काय ठेवणार? "बिल नको, कर वाचेल" असं कुणी म्हटलं की हे आठवा.

अपघातानंतरच्या दुरुस्तीचं आणि विम्याचं गणित निराळं आहे, त्यात सर्व्हेअर येतो, घसारा येतो. ते पुढच्या वेळी.

आमची जुनी क्लच प्लेट गटाच्या खोलीत खिळ्याला टांगली आहे. झिजून रिव्हेटपर्यंत गेलेली. नवीन सभासद आली की विचारते, हे काय? मग कुणीतरी कपाटातून तो पहिला कागद काढतं आणि तिला एकेक ओळ वाचायला लावतं. तुमच्याकडंही एखादं एस्टिमेट पडलं असेल, जुनं असलं तरी चालेल, तर येत्या मंगळवारी दुपारी घेऊन या. वहिनी असणार आहेत.